रक्ताचा वारसा : सिकलसेलची कहाणी

वडीलधाऱ्यांकडून आपल्याला काय काय मिळते याचा हिशेब मांडायला बसले की प्रथम शेत, घर, भांडीकुंडी आठवतात. सातबाऱ्यावर नावे चढतात, वाटण्या होतात, कधी भांडणेही होतात. परंतु एक वारसा असा आहे की त्याची नोंद कोणत्याच तलाठ्याकडे नसते आणि तो नाकारण्याची सोयही नसते. तो म्हणजे रक्ताचा वारसा. आपल्या गोंडपिपरी तालुक्यात, आणि एकूणच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, या वारशाला फार महत्त्व आहे. कारण येथील अनेक घरांतून सिकलसेल नावाचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

शाळेत असा एखादा विद्यार्थी असतो. अंगाने किरकोळ, डोळे पिवळसर. थंडीच्या दिवसांत त्याचे हातपाय असे ठणकतात की तो रात्रभर कण्हत राहतो. महिन्यातून चार-आठ दिवस गैरहजर. मैदानावर दोन फेऱ्या मारल्या की धाप लागते. गुरुजी त्याला आळशी म्हणतात, सोबती चिडवतात, आणि घरी आजी म्हणते की कोणाची तरी नजर लागली. कोठे मांत्रिक येतो, कोठे ताईत बांधला जातो. अखेरीस सारा दोष आईच्या पदरात पडतो : "हिच्याच माहेरचे रक्त खराब!"

दोष कोणाचा? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यास जगाला बराच काळ लागला. त्या शोधाचा इतिहास पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखा आहे.

जुन्या हकीमांचे निरीक्षण

काही आजार घराण्यात फिरतात हे माणसाला फार पूर्वीच दिसले होते. अंदलुसमधील कुर्तुबा शहराजवळचे सुप्रसिद्ध शल्यवैद्य अबुल कासिम अल्-जहरावी यांनी सुमारे इ. स. १००० मध्ये 'अत्-तसरीफ' हा आपला प्रचंड वैद्यकग्रंथ पूर्ण केला. एका गावातील पुरुषांना जखम झाली की रक्त थांबत नाही आणि त्यातच ते दगावतात, असे त्यांनी त्यात नोंदवून ठेवले आहे. आज ज्याला आपण हिमोफिलिया म्हणतो त्याचेच हे वर्णन समजले जाते. निरीक्षण अचूक होते. परंतु हा वारसा कोणत्या नियमाने उतरतो हे सांगण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते.

तो नियम सापडला एका बागेत. ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढवली, एकमेकांशी संकर केला आणि प्रत्येक पिढीची मोजदाद ठेवली. १८६६ साली त्याचा निबंध छापून आला. प्रत्येक गुणाचे दोन अंश असतात, एक पित्याकडून आणि एक मातेकडून. त्यांतील एखादा अंश दुसऱ्यामागे लपून राहतो आणि पुढच्या पिढीत पुन्हा प्रकट होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. जगाने या निबंधाकडे ३४ वर्षे लक्षच दिले नाही. १९०० साली तो पुन्हा उजेडात आला तेव्हा मेंडेल हयात नव्हता.

शिकागोतील परदेशी विद्यार्थी

सिकलसेलची वैद्यकीय कहाणी सुरू होते ती एका विद्यार्थ्यापासून. वॉल्टर क्लेमंट नोएल हा कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडा बेटावरचा कृष्णवर्णीय तरुण. दंतवैद्यक शिकण्यासाठी तो १९०४ साली शिकागो शहरी आला. त्याच वर्षाच्या अखेरीस धाप, खोकला आणि अशक्तपणा यांमुळे त्याला रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तेथील तरुण डॉक्टर अर्नेस्ट आयरन्स यांनी त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी बशीसारख्या गोल असतात. नोएलच्या रक्तात मात्र कित्येक पेशी लांबट, वाकलेल्या, विळ्यासारख्या दिसल्या. आयरन्स यांचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली हा वृत्तांत प्रसिद्ध केला.

विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वारंवार आजारी पडूनही नोएलने शिक्षण सोडले नाही. तो दंतवैद्य झाला, मायदेशी परतला, तेथे त्याने व्यवसाय केला, आणि १९१६ साली वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी फुप्फुसाच्या विकाराने त्याचे निधन झाले. आजारी मूल आळशी नसते, एवढे शिकायला त्याचे चरित्र पुरेसे आहे.

पुढे १९२२ साली या आजाराला 'सिकलसेल ॲनिमिया' हे नाव पडले. सिकल म्हणजे विळा. आपल्याकडे धान कापायला जो इळा वापरतात, त्याच आकाराची पेशी.

एका अक्षराची चूक

१९४९ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जेम्स नील यांनी दाखवून दिले की आजारी मुलाचे आई आणि वडील, दोघेही या दोषाचे वाहक असतात. एकाकडून मिळालेल्या एका अंशाने हा आजार होत नाही. दोन्हीकडून एकेक अंश आला तरच मूल आजारी पडते. मेंडेलच्या बागेतील नियम माणसाच्या रक्तालाही लागू पडला.

त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की दोष पेशीत नसून पेशीतील हिमोग्लोबिन या प्रथिनात आहे. या कामात मोठा वाटा हार्वे इटानो या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणाचा होता. इटानोने १९४२ साली बर्कले विद्यापीठात सर्वोच्च पदक मिळवले. परंतु युद्धामुळे जपानी वंशाच्या लोकांना त्या वेळी छावण्यांत डांबले जात होते, म्हणून पदवीदान समारंभाला त्याला जाता आले नाही. ज्या देशाने त्याच्यावर संशय घेतला, त्याच देशात राहून त्याने हे काम केले. शिक्षण ही अशी मिळकत आहे की तिला कोणत्याही छावणीचे कुंपण अडवू शकत नाही.

१९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा दोष नेमक्या जागी दाखवून दिला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतील सहाव्या दुव्यावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते. एवढाच फरक! पुढे कळून आले की आनुवंशिक लेखातील केवळ एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर पडल्याने हे घडते. लिहिणाऱ्याचा हात चुकून एखादे अक्षर बदलावे आणि शब्दाचा अर्थच पालटावा, तसा हा प्रकार. यालाच शास्त्रात उत्परिवर्तन म्हणतात. प्राणवायू कमी पडला की हे बदललेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, पेशी वाकडी आणि कडक होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्यामुळे वेदनेचा झटका येतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. त्यामुळे रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे दिसतात.

येथे आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग हाती येतो. एखाद्या पूर्वजात हे अक्षर प्रथम बदलले ते त्याच्या कोणत्या वाईट कृत्यामुळे नव्हे, कोणाच्या शापामुळे नव्हे आणि कोणाच्या नजरेमुळेही नव्हे.

जंगलपट्ट्यातच का?

वाचक विचारतील की इतका घातक दोष असेल तर तो काळाच्या ओघात नाहीसा का झाला नाही? आणि नेमका आमच्याच भागात इतका का? या प्रश्नाचे उत्तर आपल्या भागाच्या इतिहासातच आहे.

जे. बी. एस. हाल्डेन या थोर शास्त्रज्ञाने १९४९ साली एक कल्पना मांडली. रक्ताचे काही आनुवंशिक दोष हिवतापाच्या प्रदेशांत टिकून आहेत, याचा अर्थ ते हिवतापापासून थोडेफार संरक्षण देत असावेत. (हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.) १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवून दिले की ज्यांच्या रक्तात सिकलसेलचा एकच अंश असतो, अशा वाहकांना जीवघेण्या हिवतापाचा धोका कमी असतो.

आता आपला मुलूख डोळ्यांपुढे आणावा. पश्चिमेस वर्धा, पूर्वेस वैनगंगा, मध्ये धानाची बांधी, तलाव, बोड्या आणि दाट जंगल. डासांना याहून उत्तम जागा कोणती? आजही गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाचे पुष्कळ रुग्ण सापडतात. औषध नव्हते अशा शेकडो वर्षांत हिवतापाच्या साथीने गावेच्या गावे गाठली असतील, तेव्हा जी मुले वाचली त्यांत वाहक अधिक होते. म्हणजे ज्याला आज आपण दोष म्हणतो, त्याच गुणाच्या आधारे येथील कित्येक घराणी तगून राहिली. ज्या कुटुंबात हा अंश आहे त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. ती त्याच्या पूर्वजांनी जंगलाशी दिलेल्या झुंजीची खूण आहे.

भारतात हा अंश प्रथम १९५२ साली नोंदला गेला. हेरमान लेहमान आणि मेरी कटबुश यांना तो निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींत आढळला. मध्य भारतातील सिकलसेलविषयी नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली लिहिले. १९८० नंतरच्या दशकात गडचिरोलीत काम सुरू करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील सिकलसेलची पाहणी केली. त्याच दशकात परदेशी व भारतीय संशोधकांना असे दिसले की भारतातील सिकलसेल आणि सौदी अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावरील सिकलसेल एकाच घडणीचे आहेत. त्याला आता 'अरब-भारतीय' प्रकार म्हणतात. आफ्रिकेतील प्रकारापेक्षा तो बहुधा सौम्य असतो, तरी विदर्भातील कित्येक मुलांना त्याचा तीव्र त्रास होतो, हेही दिसून आले आहे.

"हा तर आदिवासींचा आणि दलितांचा आजार, आमचा त्याच्याशी काय संबंध?" असे म्हणणारे आपल्यात भेटतात. या समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे हे खरे. परंतु अरबस्तानच्या किनाऱ्यावर तो मुसलमानांतच आहे, आणि रक्तातील अंश जात किंवा धर्म विचारून उतरत नाही. शिवाय याच बीटा साखळीचा दुसरा दोष म्हणजे थॅलेसेमिया. तो कोणत्याही समाजात सापडू शकतो. एका पालकाकडून सिकलसेलचा आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचा अंश आला, तरीही मूल आजारी होते.

सुनेचा दोष?

आता नियम नीट समजून घेऊ. आई वाहक आणि वडील निरोगी असतील, तर एकाही मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत आजारी मुलाची शक्यता १०० त २५, वाहक मुलाची ५० आणि पूर्ण निरोगी मुलाची २५ असते. "चारांपैकी एक आजारी झाले, आता बाकीची तीन सुखरूप" असा हिशेब कित्येक जण करतात, तो चुकीचा आहे. नाणे उडवताना प्रत्येक वेळी नवा डाव असतो, तद्वत प्रत्येक गर्भधारणा हा नवा डाव आहे.

यावरून उघड होते की सिकलसेलच्या मुलाबद्दल एकट्या सुनेला दोष देणे हा अज्ञानाचा आणि अन्यायाचा कळस आहे. मुलाला दोन अंश मिळाले, त्यांतील एक आपल्याच लेकाने दिलेला आहे, आणि त्याला तो आपल्यापैकीच कोणाकडून मिळालेला आहे. ज्या घरांत या कारणावरून सुनेला माहेरी धाडले जाते, तेथील वडीलधाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

दुसरा नाजूक विषय नात्यातील निकाहाचा. आपल्याकडे चुलत, मामे, आते, मावस भावंडांत रिश्ते होतात. यावरून कोणी आपल्याला हिणवू नये आणि आपणही चिडू नये, कारण ही केवळ आपलीच रीत नाही. महाराष्ट्रात अनेक हिंदू घरांत मामाची मुलगी करतात. गोंडांत अशा लग्नाला दूध परत करणे म्हणतात. विलायतेत खुद्द चार्ल्स डार्विनने १८३९ साली मामेबहिणीशी लग्न केले, आणि पुढे त्याला मुलांच्या प्रकृतीची चिंता लागून राहिली. १८७१ च्या जनगणनेत अशा लग्नांविषयी प्रश्न विचारावा असा त्याने आग्रह धरला. परंतु पार्लमेंटने तो मानला नाही. १९०२ साली आर्चिबाल्ड गॅरड या डॉक्टरांनी एका दुर्मिळ आजाराच्या मुलांचे आईबाप पुष्कळदा सख्खे चुलत-मामे भावंड असतात हे दाखवले आणि त्याची सांगड मेंडेलच्या नियमाशी घातली.

त्याचे कारण सोपे आहे. समजा, आजोबा वाहक आहेत आणि आजी निरोगी आहे. त्यांच्या प्रत्येक अपत्याला तो अंश मिळण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक नातवंडाला चौथा हिस्सा. दोन चुलत नातवंडांचा निकाह झाला, तर दोघेही वाहक निघण्याची शक्यता सोळात एक. परंतु परक्या घरात रिश्ता केला म्हणून धोका टळतो असेही नाही. ज्या भागात वाहक पुष्कळ आहेत, तेथे दोन अनोळखी घरांतही तो अंश असू शकतो. यास्तव नाते जवळचे की दूरचे हा प्रश्न दुय्यम ठरतो. दोघांचे रक्त तपासले आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

दुसऱ्यांच्या चुका आणि दुसऱ्यांचे यश

तपासणीतही चूक होऊ शकते. अमेरिकेत १९७२ साली सिकलसेलविषयी कायदा झाला, काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली. पण वाहक आणि रुग्ण यांतील फरक लोकांना समजावला नाही. निरोगी वाहकांना विमा नाकारला गेला, काहींच्या नोकऱ्या गेल्या. तेथील हवाईदलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. समजावून न सांगता केलेली तपासणी म्हणजे कपाळावर मारलेला शिक्का होय.

उलट सायप्रस बेटावर थॅलेसेमिया घरोघरी होता. तेथील चर्चने १९८३ पासून लग्नाआधी तपासणीचे प्रमाणपत्र मागण्यास सुरुवात केली. तपासणी, सल्ला आणि गर्भावस्थेतील निदान यांमुळे तेथे आजारी बालकांचा जन्म जवळजवळ थांबला. सौदी अरबस्तानात २००४ पासून निकाहापूर्वी सिकलसेल व थॅलेसेमियाची तपासणी आवश्यक झाली. निकाल काहीही आला तरी निर्णय वधूवरांचाच असतो. सुरुवातीस दोघेही वाहक निघालेल्या जोडप्यांपैकी १०० त सुमारे ९ जणांनी रिश्ता मोडला. २००९ पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेले. सक्तीपेक्षा समजुतीने हे घडले.

आज आपल्या हाती काय आहे?

आज या आजारावर उपचार आहेत. फोलिक आम्ल, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, लहान मुलांना पेनिसिलिन व लसी, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया. या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात हे १९९५ साली सिद्ध झाले. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकातच बदल घडवणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. मात्र अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे, म्हणजे आपल्यासाठी तो अद्याप दूरचाच. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. चंद्रपूर येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तदोषांवरील केंद्रही आहे.

पहिली तपासणी बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर होऊ शकते. त्यात शंका आल्यास पुढील तपासणीत आपण एए, एएस की एसएस आहोत हे पक्के कळते. थॅलेसेमियाचा अंशही त्याच तपासणीत बहुधा उघड होतो. एएस म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे. त्याला शिक्षण, नोकरी, निकाह कशाचीही आडकाठी नाही. दोन वाहकांनी मात्र रिश्ता पक्का करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, एवढेच.

पालकहो, आपण रिश्ता पाहताना खानदान पाहतो, मुलाची कमाई पाहतो, मुलीचे शिक्षण पाहतो. त्याच बैठकीत रक्ताचे कार्डही समोर ठेवण्याची रीत पडली, तर कोणाचीही अब्रू जाणार नाही. उलट दोन्ही घरांनी आपल्या पुढच्या पिढीचा विचार केला, असे म्हटले जाईल. ही मागणी फक्त मुलीकडच्यांना करू नये. मुलाचे कार्ड आधी समोर यावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वर्गातील जो सोबती मैदानाच्या कडेला बसून असतो, त्याच्याजवळ जाऊन बसा. बुडालेल्या दिवसांची वही त्याला उतरवून द्या. दोष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मेंडेलच्या बागेपासून आजवरच्या शोधांनी दिले आहे : कोणाचाही नाही. परंतु हे समजल्यावरही आपण आईला बोल लावला, मुलाला आळशी म्हटले आणि तपासणी टाळली, तर तो दोष मात्र आपलाच राहील.